बोट लागू नये म्हणून: कोकणच्या समुद्रावर निघण्यापूर्वी

कोकणातून मुंबई गाठण्यासाठी आगबोट हाच सोयीचा मार्ग होता, त्या काळात माझ्या आजीने रत्नागिरी ते मुंबई हा प्रवास अनेकदा केला होता. तेव्हा बऱ्याच बंदरांत आगबोट थेट धक्क्याला येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना त्यांच्या वळकट्या-ट्रंकांसह पडावात बसवून तिच्यापर्यंत नेले जाई. आजी सांगत असे, “आगबोट नाही लागत गो, पडाव लागतो.” पडाव आगबोटीच्या कुशीला लागून वर-खाली होत राही, शिडीवर चढायला आपला नंबर येईपर्यंत जीव कासावीस होई, आणि एकदा का आगबोट चालू लागून तोंडावर वारा आला की बरे वाटे. तिच्या पदराच्या गाठीला सुंठेचा तुकडा असे आणि तो ती पडावात बसण्यापूर्वीच तोंडात टाकी. बोट लागण्याविषयी पुढे जे काही वाचले, डॉक्टरांकडून समजून घेतले आणि स्वतः अनुभवले, त्याचा मोठा भाग आजीच्या या दोन सवयींमध्ये आधीच होता: उभी बोट चालत्या बोटीपेक्षा अधिक त्रास देते, आणि उपाय त्रास सुरू होण्याआधी करायचा असतो.

आज आगबोटीचे ते दिवस राहिले नाहीत, पण कोकणकिनाऱ्यावर समुद्रात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाणारे, 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून रो-रोने गाडीसह अलिबागकडे उतरणारे, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला आणि मालवणहून सिंधुदुर्गाला जाणारे, तारकर्ली-देवबागला डॉल्फिन पाहायला किंवा स्कुबासाठी निघणारे, आणि मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या क्रूझवर दोन-चार रात्री काढणारे, या सर्वांसाठी हे लिहिले आहे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ यांसारख्या खाडीतल्या फेरीबोटींचा प्रवास काही मिनिटांचा आणि शांत पाण्यातला असतो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

हे होते कशामुळे

बोट लागणे हा पोटाचा आजार नाही. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्याजवळ सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. डोके कोणत्या दिशेला वळले, आपण वर चाललो की खाली, हे या अवयवांमुळे मेंदूला कळते. लाँचच्या आतल्या बाकावर बसलेल्या प्रवाशाचे डोळे समोरची भिंत, शेजाऱ्याची पिशवी किंवा हातातला मोबाईल पाहत असतात आणि ‘सारे स्थिर आहे’ असे कळवतात. कान मात्र ‘आपण उचलले जात आहोत, आता खाली येत आहोत’ असे सांगतात. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्या विसंगतीतून मळमळ, थंड घाम, पांढरा पडलेला चेहरा आणि अखेर उलटी असा क्रम सुरू होतो. डोळे मिटले की किंवा क्षितिज पाहिले की बरे का वाटते, याचे उत्तर यातच आहे. पहिल्या उपायात एक साक्षीदार बाजूला होतो, दुसऱ्यात दोघांची साक्ष जुळते.

सर्व हालचाली सारख्याच त्रासदायक नसतात. वेगवान स्पीडबोटीचे धपाधप बसणारे दणके कंबरेला त्रास देतात, पण मळमळ तुलनेने कमी आणतात. सर्वांत वाईट असतो तो संथ वर-खाली हेलकावा, साधारण पाच सेकंदांत एक या गतीचा. इंजिन बंद करून उभी राहिलेली किंवा नांगरलेली होडी नेमकी असेच हेलकावे खात राहते. आजीचा पडाव लागत असे तो याच कारणाने.

दोन वर्षांखालील बाळांना बोट क्वचितच लागते. त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंतची मुले सर्वाधिक संवेदनशील असतात आणि उतारवयात त्रास बहुधा कमी होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही गरोदरपणात आणि पाळीच्या दिवसांत, त्रास अधिक होतो. अर्धशिशी असणाऱ्यांनी आपल्याला बोट लागणार असे गृहीत धरूनच तयारी करावी. याचा धैर्याशी काही संबंध नाही. इंग्रजांचा नामांकित नौसेनापती नेल्सन यालाही समुद्र लागत असे. त्यामुळे घरातल्या ज्या माणसाला त्रास होतो त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ असे कोणीही सुनावू नये. ते खोटे आहे आणि ऐकणाऱ्याला लाजेपोटी उपाय करण्यापासून परावृत्त करते.

दिवस आणि वेळ यांची निवड

आपल्या किनाऱ्यावर समुद्राचा स्वभाव घड्याळाप्रमाणे बदलतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा शांत असते. ऊन चढले की खारे वारे सुरू होतात आणि दुपारनंतर पाण्यावर लाटा उठू लागतात. मार्च ते मे या महिन्यांत दुपारचा हा वारा जोरकस असतो. म्हणून ज्याला बोट लागते त्याने सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरावी, आणि डॉल्फिन किंवा स्कुबा यांसाठी तर सकाळशिवाय दुसरी वेळ स्वीकारूच नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत अनुकूल. पावसाळ्यात बहुतेक प्रवासी लाँच आणि किल्ल्यांच्या होड्या बंदच असतात. रो-रोसारखी मोठी नौका हवामान पाहून चालते, पण संवेदनशील माणसाने त्या दिवसांत रस्त्याने गेलेले बरे.

निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा किनारपट्टीसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. आकाश स्वच्छ असूनही समुद्र हेलकावत असू शकतो, कारण दूरवरच्या वादळात उठलेली लाट शेकडो मैल चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. ही गोष्ट स्थानिक तांडेलांना, म्हणजे होडी हाकणाऱ्यांना, पक्की ठाऊक असते. धक्क्यावर ‘आज पाणी कसे आहे?’ असे मोकळेपणाने विचारावे आणि त्यांनी ‘आज जरा हलेल’ असे म्हटले तर त्याचा अर्थ आपल्यासाठी ‘बरेच हलेल’ असा घ्यावा. रोज समुद्रात जाणाऱ्याला जे जरासे वाटते ते आपल्याला जरासे वाटत नाही.

काय खावे, काय टाळावे

उपाशीपोटी बोटीत बसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ‘पोटात काही नसेल तर पडणार काय?’ हा विचार वरवर बरोबर वाटतो, परंतु रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि कोरड्या ओकाऱ्या भरल्या पोटाच्या उलटीपेक्षा अधिक क्लेशदायक असतात. दुसरे टोक म्हणजे धक्क्यावर उतरल्या उतरल्या वडापाव किंवा मिसळ खाऊन थेट लाँचमध्ये चढणे. तळलेले, तिखट आणि तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात. प्रवासाच्या दीड-दोन तास आधी मऊ भात, पेज, इडली, ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी असे साधे आणि थोडे खावे. सोबत खाकरा, कुरमुरे किंवा साधी बिस्किटे ठेवावीत आणि वाटेत अर्ध्या तासाने एखादा घास घेत राहावे. सोलकढी जेवणाच्या पानात कितीही प्रिय असली तरी नारळाच्या दुधामुळे ती जड पडते. त्या ऐवजी मीठ-साखर घातलेले कोकम सरबत घोट-घोट घ्यावे. आदल्या रात्रीचे जागरण आणि मद्य या दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशीची मळमळ हमखास वाढवतात.

आल्याविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्याच्या उपयोगाबाबत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. तरीही मी स्वतः आलेपाकाची वडी खिशात ठेवतो, कारण ती बहुतेकांना निरुपद्रवी आहे आणि अनेकांना तिने बरे वाटते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मात्र आल्याचा मोठा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लिंबू हुंगणे, आवळा सुपारी चघळणे हे उपाय तोंडाची चव सावरतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मध्ये दाब देणारे पट्टेही मिळतात. त्यांच्याबाबतचे पुरावे कमकुवत आहेत. गोळी चालत नसेल तर वापरून पाहण्यास हरकत नाही.

गोळीचे वेळापत्रक

ज्याला दरवेळी बोट लागते, त्याच्यासाठी खात्रीचा उपाय गोळी हाच आहे. आणि ती फुकट जाते ती बहुधा चुकीच्या वेळी घेतल्यामुळे. बोट हलू लागल्यावर पोटाची हालचाल मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून धक्क्यावर रांगेत उभे असताना पिशवीत गोळी शोधणाऱ्या माणसाला बऱ्याच अंशी उशीर झालेला असतो.

आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गोळी म्हणजे ॲव्होमिन, म्हणजेच प्रोमेथाझिन, 25 मिलीग्रॅमची. प्रौढ व्यक्तीने छोट्या प्रवासासाठी ती निघण्याच्या एक ते दोन तास आधी घ्यावी, लांबच्या प्रवासासाठी किंवा क्रूझसाठी आदल्या रात्री झोपताना घ्यावी. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना साधारणपणे अर्धी गोळी देतात, पण ती बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. दोन वर्षांखालील बाळाला हे औषध कधीही देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. या गोळीने चांगलीच झोप येते. मांडव्याला उतरून पुढे दुचाकी किंवा मोटार चालवायची असेल तर गोळी घेणाऱ्याने चालकाच्या जागी बसू नये, आणि गोळी घेतलेल्या दिवशी मद्याला स्पर्श करू नये.

दुसरे सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे सिनारिझिन. ते 25 मिलीग्रॅमच्या गोळीत मिळते आणि सुमारे दोन तास आधी घ्यावे लागते. त्याने येणारी सुस्ती अनेकांना कमी वाटते. त्याच औषधाची 75 मिलीग्रॅमची जादा ताकदीची गोळीही दुकानात असते. औषधाच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये. कंपवात असलेल्यांनी सिनारिझिन टाळावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, दमा किंवा फिट्स यांपैकी काही असेल, तसेच गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, यांतील कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. वृद्धांना या गोळ्यांनी गोंधळल्यासारखे होऊ शकते किंवा लघवी अडू शकते, ही गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुष्कळ घरांत उलटीची म्हणून ओन्डॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोनची गोळी असते आणि तीच बोटीवर नेली जाते. अन्य कारणांच्या उलट्यांसाठी ती उपयोगी असली तरी बोट लागण्याच्या मुळाशी असलेल्या कान-मेंदूच्या यंत्रणेवर तिचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘गोळी घेतली तरी लागलेच’ अशी तक्रार करणाऱ्याने आपण कोणती गोळी घेतली होती, हे आधी तपासावे.

पहिल्यांदाच गोळी घेणाऱ्याने प्रवासाच्या आठवडाभर आधी, सुटीच्या दिवशी घरीच एक घेऊन पाहावी. आपल्याला किती गुंगी येते हे घरात कळलेले चांगले, हलत्या शिडीवर पाय ठेवताना नव्हे.

कुठे बसावे

प्रत्येक नौका आपल्या मध्याभोवती डुलते. त्यामुळे मध्यभाग सर्वांत कमी हलतो, आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, सर्वांत जास्त उचलले जाते. फोटोसाठी नाळेवर जाऊन उभे राहण्याचा मोह ज्याला बोट लागते त्याने आवरावा.

मांडव्याच्या लाँचमध्ये मध्यावर किंवा मध्यापासून किंचित मागे, जिथून बाहेरचे पाणी आणि क्षितिज दिसेल आणि वारा लागेल अशी जागा पाहावी. मात्र इंजिनाच्या धुराच्या झोतापासून दूर राहावे, कारण डिझेलचा वास एकटाच मळमळ आणण्यास पुरेसा असतो. वरच्या डेकवर जादा पैसे देऊन बसणे फायद्याचे आहे का, असे पुष्कळजण विचारतात. उंचीमुळे डुलणे थोडे वाढते, परंतु वारा आणि मोकळे क्षितिज यांचा लाभ त्याहून मोठा असतो. तासाभराच्या प्रवासासाठी मी वरची जागाच सुचवीन. मुंबई बंदराच्या मोकळ्या तोंडासमोरून जाताना बाजूने लाट लागते आणि बोट सर्वांत जास्त हलते. त्या वेळी उठून फिरू नये. रो-रो बरीच मोठी असल्याने कमी हलते, पण खाली गाड्यांच्या मजल्यावर थांबू नये, वर येऊन उघड्यावर बसावे.

जंजिऱ्याची होडी शिडावर चालत असते तोवर त्रास कमी होतो. किल्ल्याच्या दरवाज्याशी आधीच्या होड्या रिकाम्या होईपर्यंत ती लाटांवर थांबते तेव्हा खरी कसोटी असते. तेवढी दहा मिनिटे किल्ल्याच्या तटबंदीकडे न पाहता मागे किनाऱ्यावरच्या डोंगररेषेकडे पाहत राहावे, कारण तट आणि होडी यांच्यातले हलते अंतर पाहिल्याने डोळ्यांचा गोंधळ वाढतो.

स्कुबाच्या बोटीवर हे सर्व एकत्र येते. मालवणला एकदा सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही सातजण नांगरलेल्या बोटीवर आमच्या पाळीची वाट पाहत होतो. घट्ट रबरी पोशाख गळ्यापर्यंत चढवलेला, पाठीवर ऊन, हवा भरण्याच्या यंत्राचा धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे येणारा आणि बोट जागच्या जागी डुलणारी. माझ्या शेजारची तरुण मुलगी आधी दोनदा, मग पाचदा जांभई देऊ लागली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले आणि ती सारखी थुंकी गिळू लागली. तिला वाटले, लवकर उठल्यामुळे झोप येते आहे. प्रशिक्षकाने ते ओळखले, तिच्या पोशाखाची मानेजवळची चेन खाली ओढली, तिला धुराच्या उलट बाजूला बसवले, दूर दिसणाऱ्या किनाऱ्याच्या रेषेकडे पाहायला लावले आणि तिचा नंबर आधी घेतला. पाण्याखाली काही मीटर गेल्यावर लाटेचा हेलकावा कमी होतो आणि त्यामुळे तिला बरे वाटले. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. पोशाख आपली पाळी जवळ आल्यावरच गळ्यापर्यंत चढवावा, आणि मळमळत असेल तर लपवू नये, प्रशिक्षकाला पाण्यात उतरण्यापूर्वी सांगावे. पाण्याखाली उलटी आलीच तर तोंडातली श्वास घेण्याची नळी काढायची नसते. तिच्यातूनच उलटी बाहेर जाऊ शकते. हे प्रशिक्षकाकडून आधी समजून घ्यावे. गुंगी आणणारी गोळी घेतली असेल तर तेही त्याला सांगावे. अशा स्थितीत पाण्याखाली न जाणेच योग्य.

क्रूझच्या प्रवाशांसाठी

मोठ्या क्रूझ जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरक यंत्रे असतात आणि ती डाव्या-उजव्या बाजूंचे डुलणे बरेच कमी करतात. मुंबईहून गोव्याकडे जाणारे जहाज किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे चालते आणि लाटा बहुधा त्याच्या उजव्या बाजूने, थोड्या मागून येतात. म्हणजे या मार्गावर हे पंख कामाचे ठरतात. नाळ उचलली जाण्याचे, म्हणजे पुढे-मागे झोकांडण्याचे, डुलणे मात्र ते तितकेसे थोपवू शकत नाहीत.

म्हणून केबिन निवडतानाच विचार करावा. जहाजाच्या आराखड्यात लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर असलेली, खिडकी असलेली केबिन उत्तम. सर्वांत वरच्या मजल्यावरची, टोकाकडची महागडी केबिन संवेदनशील माणसासाठी वाईट निवड आहे, मग तिची बाल्कनी कितीही सुंदर असो. आतली, खिडकी नसलेली केबिन मिळाली तर जागेपणी तिथे बसून राहू नये. झोपायला मात्र ती चालते, कारण डोळे मिटून उताणे पडल्यावर कान आणि डोळे यांचे भांडणच उरत नाही. सुटकेस उघडून वाकून कपडे लावणे, आरशासमोर तयारी करणे ही कामे जहाज बंदरातून बाहेर पडण्यापूर्वीच उरकावीत. नाट्यगृह किंवा सभागृह नाळेकडे असेल तर पहिल्या रात्रीचा कार्यक्रम सोडून द्यावा आणि पहिल्या रात्रीचे जेवण, कितीही पदार्थ मांडलेले असले तरी, हलकेच घ्यावे. शरीर हळूहळू सरावते. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. दोन रात्रींच्या गोवा-सफरीत मात्र सराव होईपर्यंत प्रवासच संपतो, म्हणून छोट्या क्रूझवर गोळीचे महत्त्व उलट अधिक आहे.

पहिली चिन्हे दिसताच

वारंवार जांभया, तोंडात लाळ सुटणे, डोके जड होणे, उगाचच गप्प होणे ही मळमळीच्याही आधीची चिन्हे आहेत. ती दिसताच मोबाईल आणि पुस्तक बाजूला ठेवावे, मोकळ्या हवेत यावे, नौकेच्या तोंडाच्या दिशेने बसावे, पाठ आणि डोके टेकवून डोके शक्य तितके स्थिर ठेवावे आणि क्षितिजावरच्या न हलणाऱ्या एखाद्या खुणेकडे, डोंगराकडे किंवा दीपगृहाकडे, पाहत सावकाश, खोल श्वास घ्यावा. आडवे होण्याची सोय असेल तर उताणे पडून डोळे मिटावेत. दुसऱ्या उलटी करणाऱ्या प्रवाशाकडे पाहणेही टाळावे.

लहान मुले ‘मळमळते’ असे सांगत नाहीत. ती चिडचिडी होतात, पांढरी पडतात किंवा अचानक मांडीवर डोके ठेवतात. मुलाला शांत ठेवण्यासाठी त्याच्या हातात मोबाईल देणे हा बोटीवर सर्वांत वाईट उपाय आहे. त्याऐवजी त्याला उंच बसवून बाहेरचे दाखवावे. बोटीमागे येणारे कुरव पक्षी, दूरची गलबते, किनाऱ्यावरची माडांची रांग यांत त्याचे मन आणि मुख्य म्हणजे डोळे गुंतवावेत.

उलटी येतेच आहे असे वाटले तर ती दाबून धरू नये, पण कठड्यावरून बाहेर वाकूही नये. लाँचच्या कठड्यावर ओणवे झालेला, गुंगीत आणि अशक्त असलेला माणूस एका हेलकाव्याने तोल जाऊन पाण्यात पडू शकतो. प्रत्येकाच्या हाताशी न गळणारी जाड पिशवी असावी आणि ती किनाऱ्यावर येऊन कचऱ्यात टाकावी. उलटीनंतर चूळ भरून दहा-पंधरा मिनिटे काही न घेता थांबावे आणि मग जलसंजीवनी चमच्या-चमच्याने घ्यावी. तयार पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. गटागटा पाणी प्यायल्यास तेही उलटून पडते. क्रूझवर उलट्या थांबत नसतील तर जहाजावरच्या डॉक्टरांकडे जावे. तोंडाने औषध टिकत नसताना इंजेक्शन उपयोगी पडते.

प्रत्येक उलटी बोटीची नसते. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे आणि त्याबरोबर घाम व मळमळ असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींत छातीत न दुखताही केवळ घाम आणि मळमळ दिसू शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला थंड घाम आणि थरथर सुटली तर साखर उतरली असेल अशी शंका घेऊन, तो शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर द्यावी. तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूची अशक्तता, उलटीत रक्त, ताप, किंवा सात-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास ‘उतरल्यावर बघू’ असे न म्हणता बोटीवरच्या माणसांना ताबडतोब सांगावे.

किनाऱ्यावर उतरल्यानंतर जमीन डुलते आहे असे काही काळ वाटत राहते. हे स्वाभाविक असून बहुधा एक-दोन दिवसांत जाते. आठवड्यांवर टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आणि परतीचा प्रवास विसरू नये. सकाळी मांडव्याला जाताना सर्वजण सावध असतात, पोट हलके असते, पाणी शांत असते. दुपारी अलिबागला सुरमईच्या थाळीवर ताव मारून, उन्हात किनाऱ्यावर फिरून, दमून चारची लाँच धरली जाते, तेव्हा खारा वारा जोरात असतो आणि पोट भरलेले असते. बोट लागलेल्या बऱ्याच माणसांनी मला ‘येताना लागली’ असेच सांगितले आहे. मासळीचे जेवण लवकर, बाराच्या सुमारास उरकावे आणि निघण्याआधी निदान तीन तास जाऊ द्यावेत. सकाळी ॲव्होमिन घेतली असेल तर तिचा अंमल बहुधा परतीपर्यंत राहतो, त्याच दिवशी दुसरी गोळी मनाने घेऊ नये. सिनारिझिन घेतले असेल आणि आठ तास उलटले असतील तर पुढची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. परतीच्या तिकिटाबरोबर तो कागद पाकिटात असावा.